परवानगी देताना पाणी कुठून येणार तेही लिहा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

खडकवासला ते खराडी मेट्रोला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून आमच्या सिंहगड रस्त्यावर जागेचे भाव रोज नवे ऐकू येतात. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिणारा एजंट तर स्टेशनं कुठे कुठे होणार हे असं ठासून सांगतो, की नकाशा त्यानेच काढलाय असं वाटावं. मेट्रो मलाही हवी आहे. पण स्टेशनापासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम, मिळू शकतो. आज जिथे सहा-सात मजली इमारत आहे तिथे उद्या वीस-बावीस मजले उभे राहतील. त्या विसाव्या मजल्यावरच्या माणसाला प्यायला पाणी कुठून देणार, हे त्याच्या पायाचा खड्डा खणण्याआधी ठरवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा. टँकरचा भाग तेवढा ठेवा.

मी याच रस्त्यालगतच्या एका गावात महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायत सदस्य होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की आधी भावकीत विचारणा होईल आणि पत्रातला मुद्दा राहील बाजूला. ३० जून २०२१ ला जी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली त्यांत आमचंही गेलं. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं गेली होती. दोन्ही मिळून शहर इतकं पसरलं की क्षेत्रफळात राज्यातली सर्वांत मोठी महापालिका म्हणून वर्तमानपत्रांत मथळे झळकले. त्या दिवशी गावात फटाके वाजले होते, हेही सांगायला हवं. आता पुण्याचा पत्ता लागेल, मुलांची लग्नं जमायला सोपं जाईल, असं उघड बोललं जात होतं.

लग्न होऊन मी इथे आले ते नव्वदच्या सुमाराला. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं होती, वरच्या अंगाला ज्वारी आणि विहिरीवर थोडा भाजीपाला. सासूबाई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पाटीत घालून पहाटेच्या पीएमटीने मंडईला जायच्या. कंडक्टर पाटी चढवू द्यायचा नाही, त्याच्याशी त्यांचं रोजचं भांडण. त्या गावाबद्दल उसासे टाकणारे लेख मी वाचते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची गंमत वाटते. त्या गावात मुलीचं शिक्षण दहावीला थांबायचं, कारण पुढचं कॉलेज गावात नव्हतं आणि संध्याकाळची बस चुकली की ती अंधारातून चालत यायची. बाळंतपणाला अडलेली बाई टेम्पोत घालून न्यावी लागायची. बाईच्या हातात पैसा यायचा तो मंडईतून, आणि घरी पोचेपर्यंत तो कुणाच्या ना कुणाच्या हातात गेलेला असायचा.

शहर चालून आलं म्हणून हे बदललं. नऱ्हे-आंबेगावला कॉलेजं झाली. बाहेरगावची मुलं राहायला आली, त्यांना खोल्या हव्या झाल्या, डबे हवे झाले. मी आणि माझ्या जाऊबाई दोघींनी मिळून डबे सुरू केले. आधी दहा-बारा, मग वाढत गेले. लातूरच्या पोराला काळा मसाला लागतो, कोकणातल्याला आमटीत ओलं खोबरं, आणि विदर्भातला पहिल्याच दिवशी म्हणतो, ‘काकू, तिखट थोडं वाढवा ना.’ बँकेत माझ्या एकटीच्या नावाचं खातं याच डब्यांवर उघडलं. माझी थोरली इंजिनिअर झाली ती घरून कॉलेज करून, नाहीतर हॉस्टेलचा खर्च आम्हाला झेपला नसता. जमिनी विकल्या त्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून हसतात. हसा. गळ्यात साखळी आणि दारात गाडी एवढंच करून बसलेली मंडळी आमच्याकडेही आहेत. पण विकलेल्या जमिनीतून पोरांची शिक्षणं केलेली, नऱ्ह्यात छोटं वर्कशॉप टाकून चार-सहा माणसांना काम देणारी घरंही आहेत. त्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

तेव्हा वाढ नको असं मी म्हणत नाही. गाव शहरात नेताना गावातलं जे चांगलं चाललं होतं ते कुणी मोजलंच नाही, याचा मला राग आहे. त्यातलं एक सांगते.

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस होता. आता तो निवृत्त झालाय. पहाटे तो टाकीवर जायचा. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, मग ठराविक वेळ थांबून पहिल्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी सुटल्यावर तो आळीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर यायचा, कारण क्लोरिन शेवटपर्यंत पोचलं का ते तिथेच कळतं. खिशातून काचेची छोटी नळी काढायची, नळाचं पाणी भरायचं आणि ड्रॉपरने ओटी नावाच्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. झालं नाही तर पावडर कमी पडली. तो शेवटचा नळ नेमका आमच्या दारासमोर, म्हणून ही पिवळी नळी मी वर्षानुवर्षं बघितली. एखाद्या दिवशी नळी पांढरीच राहिली की आजूबाजूच्या बायकाच त्याला हटकायच्या, ‘काय रे, झोप झाली नाही का आज?’ तो निमूट टाकीकडे परत जायचा.

शिवाय वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आरोग्य खात्याची माणसं येऊन विहीर, टाकी, गळती, पावडरीचा साठा सगळं बघून जायची आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सुधारा, लाल म्हणजे धोका. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. खेड्यापाड्यांत ही पद्धत अजूनही चालते. पिवळं कार्ड मिळालं की मासिक सभेत सरपंचांना घाम फुटायचा, कारण ग्रामसभेत कुणीतरी म्हातारा उठून विचारणारच, ‘पिवळं का आलं ते सांगा आधी, रस्त्याचं मग बोलू.’ ही व्यवस्था फार थोर होती असं नाही. पावडर संपलेली असायची, व्हॉल्व्ह गळायचा, पाइपलाइनच्या शेजारून गटार जायचं. पण पाणी कुणी सोडलं, कुणी तपासलं आणि बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

गाव पालिकेत गेलं आणि लोकसंख्या झपाट्याने वाढली. नवी इमारत उभी राहते तेव्हा बिल्डर हमीपत्र देतो, की पालिकेचं पाणी मिळेपर्यंत मी स्वखर्चाने पाणी पुरवीन. कागद फायलीला लागतो. पुढे भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि ‘स्वखर्चाने’ या शब्दातला ‘स्व’ म्हणजे फ्लॅटधारक होऊन बसतो. आमच्या शेजारच्या सोसायटीत माझे डबे जातात, म्हणून त्यांची दुखणी मला माहीत. तिशीतली नवरा-बायको, दोघांच्या पगारातून हप्ता, आणि मेंटेनन्समध्ये सगळ्यांत मोठा आकडा टँकरचा. उन्हाळ्यात दहा हजार लिटरच्या टँकरला आमच्याकडे दीड हजारापुढे मोजावे लागतात, तेही वेळेवर आला तर. मार्चपासून त्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, ‘आज किती टँकर आले?’

आता टँकर येतो कसा ते बघा, कारण शहराच्या वाढीवर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो जवळून पाहिला असेल. रात्री-अपरात्री विहिरीवर किंवा बोअरवर भरतो. भरताना झाकण उघडंच. सोसायटीच्या फाटकाशी आला की पोऱ्या मागून जाड पाइप ओढत नेतो. पाइपाचं तोंड रस्त्याच्या चिखलातून, पार्किंगमधल्या तेलावरून घसटत जातं. मी एकदा तर त्यावरून कुत्रं ओलांडून गेलेलं पाहिलं. तेच तोंड उचलून थेट जमिनीखालच्या टाकीत. ओटीची नळी नाही, पिवळा रंग नाही, कार्डाचा तर विषयच नाही. वॉचमन पावतीवर सही करतो, कारण त्याने मोजायचे असतात फक्त टँकर. वरच्या मजल्यांवर प्रत्येक घरात आरओ लावलेला, म्हणून मनाला समाधान. पण भाजी धुवायला, दात घासायला, लहान मुलाच्या अंघोळीला तेच टाकीतलं पाणी.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर आघात करणारा आजार) रुग्ण याच पट्ट्यात सापडायला लागले. नांदेड (आमच्या रस्त्यावरचं, मराठवाड्यातलं नव्हे), किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं राज्यभर ऐकू गेली. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, मृत्यूही झाले. हातापायांतली ताकद जाते, कुणाला थेट व्हेंटिलेटर लागतो, हे आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि खिडकीतून रुग्णवाहिका दिसत होती. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. केंद्राचं पथक आलं, विहिरींचे नमुने गेले, कॅन भरून देणाऱ्या खासगी आरओ केंद्रांना टाळं लागलं. पाणी उकळून प्या असं सांगण्यात आलं आणि आम्ही उकळलं. डब्यांचा व्यवसाय असल्यामुळे माझ्याकडे पातेल्यावर पातेलं पाणी उकळत असायचं. एरवी पुरणारा सिलिंडर अर्ध्यात संपायला लागला. डबे घेणाऱ्या मुलांपैकी निम्मी आईवडिलांनी गावी बोलावून घेतली.

त्या दिवसांत सगळ्या पुण्याला एक गोष्ट कळली. खडकवासला धरणाची भिंत ज्यांना गच्चीवरून दिसते, त्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं पाणी मिळत नव्हतं. मिळत होतं ते विहिरीचं, क्लोरिन घालून. धरणाचं पाणी आमच्या उशाखालून जलशुद्धीकरण केंद्राकडे जातं, तिथून शुद्ध होऊन शहरात फिरतं. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण बातम्यांच्या मथळ्यांत इतकी झिजली आहे की मी ती टाळणारच होते. पण दुसरी सापडली नाही.

आणि हाच रस्ता जुलैत बुडतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले. लोकांना बोटीतून काढावं लागलं. त्याच भागातल्या इमारती आठ महिन्यांनी टँकरची वाट बघत होत्या.

या सगळ्यात विचारायचं कुणाला? हा भाग मला सर्वांत झोंबतो, कारण मी स्वतः निवडून आलेली होते. २०२१ मध्ये ग्रामपंचायत बरखास्त झाली. सरपंच गेले, सदस्य गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, नगरसेवकही गेले आणि प्रशासक आले. ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत होते. म्हणजे शहराच्या कारभारात आम्ही पहिलं मत दिलं ते गाव पालिकेत गेल्यावर साडेचार वर्षांनी. मधल्या काळात मिळकतकराची बिलं आली, इमारती उभ्या राहिल्या, जीबीएस येऊन गेला, आणि आमच्या वतीने सभागृहात उभं राहणारं निवडून आलेलं माणूस एकही नव्हतं. लोक सवयीने माझ्याच दारात यायचे. ‘ताई, पाणी आलं नाही.’ मी तरी काय करणार? त्यांच्यासारखीच मीही एका ॲपवर तक्रार टाकायचे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचे.

आता नगरसेवक आले आहेत, चौघांचा प्रभाग आहे. त्यांचं अभिनंदन. भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण त्यांनी कार्यालयात पाटीवर लावून ठेवावी. पाण्याचं कोण बघणार, ते चौघांनी आपसात एकदाचं ठरवून आम्हाला नाव सांगावं, म्हणजे आम्ही चार दारं हिंडणार नाही.

आराखड्याची गोष्ट तर अजून तऱ्हेवाईक. तेवीस गावं महापालिकेत घेतली, पण त्यांचा विकास आराखडा करायचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, गेलं. गाव एकाचं, नकाशा दुसऱ्याचा. हरकती-सूचनांना आम्ही गेलो. माझे धाकटे दीर सातबाऱ्याची चळत बगलेत मारून रांगेत उभे होते, कारण त्यांच्या उरलेल्या तुकड्यावरून रस्ता गेलेला. वर्षं गेली आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द करायचं ठरवलं. रस्ता येणार की नाही, दिरांना अजून माहीत नाही. शेजारच्या बिल्डरचं काम मात्र एक दिवसही थांबलं नाही. टाकीसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी जागा राखायची तर ती इमारत व्हायच्या आधी. नंतर कुणाच्या बेडरूममध्ये टाकी बांधणार?

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं २०१७ मध्ये आत आली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची नगर परिषद झाली. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या हद्दीत पडत होता. त्यांना कंटाळा का आला असेल ते मला कळतं. पण बाहेर पडणं हा उपाय आम्हाला मानवणारा नाही. आमचं पाणी, आमचा रस्ता, आमची पोरं सगळी शहराशी बांधलेली आहेत.

आणखी एक. आम्ही किती जण आहोत हेच सरकारला माहीत नाही. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची होणार. परवाच्या निवडणुकीचे प्रभागसुद्धा २०११ च्या आकड्यांवर पाडले गेले. २०११ मध्ये आमच्या वरच्या आळीत जिथे गोठा होता तिथे आज तीन विंगांची इमारत आहे. त्या तीन विंगा कागदावर अजून गोठाच असतील तर पाण्याचा हिशेब जुळेल कसा? जनगणनेची नुसती वाट बघण्याची गरज नाही. महावितरणकडे घरगुती मीटरांचा आकडा आहे, पालिकेकडे मिळकतींचा. मार्चमध्ये कर भरायला लावणारे मेसेज बरोबर प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात, म्हणजे आम्ही कुठेतरी मोजलेले आहोत.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात. त्यामुळे या पाण्याची दुसरी बाजूही मला गिळता येत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण एकोणतीस टीएमसी पाणी मावतं. त्याच पाण्यावर पुणं आहे आणि कालव्याने पुढे हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही. पुण्याची मागणी दरवर्षी वाढते आणि पाटबंधारे खात्याशी कोट्यावरून दरवर्षी तोच वाद होतो. उन्हाळी आवर्तन लांबलं की माझा भाऊ फोनवर म्हणतो, ‘ताई, तुमच्या त्या टॉवरांना सांग, आमचा ऊस जळतोय.’ मी त्याला सांगते, की टॉवरांनाही मिळत नाही रे बाबा. त्याचा विश्वास बसत नाही. शहराने वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येतं, ते कसल्या रंगाचं आणि वासाचं असतं हेही तो ऐकवतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गावातल्या ओढ्यात सोसायट्यांचं मैलापाणी उघड्यावर वाहताना मी रोज बघते. मैलापाणी शुद्ध करणारा एसटीपी बांधलेला असतो, परवानगीपुरता. वीजबिल परवडत नाही म्हणून बंद. तो नीट चालला तर संडासाच्या फ्लशला आणि बागेला तेच पाणी पुरेल आणि टँकर तेवढे कमी होतील. पण चालू आहे का हे बघायला येतं कोण?

टँकरच्या धंद्याबद्दल लिहायचं तर आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. टँकर बाहेरचे कुणी आणत नाही. विहिरी आमच्या, बोअर आमचे, गाड्याही आमच्याच भावकीतल्यांच्या. शेती गेल्यावर काहींना हा धंदा मिळाला. नळाला पाणी आलं तर त्यांच्या गाड्यांचे हप्ते थकतील, म्हणून नळाला पाणी यावं असं सगळ्यांनाच मनापासून वाटतं असं समजू नका. निवडणुकीच्या प्रचारात ‘टँकरमुक्त प्रभाग’ म्हणणाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्या गाड्या कुणाच्या होत्या हे गावाने पाहिलं आहे. तिकडे सोसायट्या सहाशे-सातशे फुटांपर्यंत बोअर मारतात आणि शेजारची पन्नास फुटांची विहीर कोरडी पडते. मग गाववाले म्हणतात सोसायटीवाल्यांनी पाणी पळवलं, आणि सोसायटीवाले म्हणतात गाववाले पाणी विकून आम्हाला लुटतात. गणपतीच्या वर्गणीवरून जी भांडणं होतात त्यांच्या बुडाशी बहुतेक वेळा हेच असतं. मी दोन्हीकडे डबे देते, त्यामुळे दोघांचंही ऐकते. दोघांचंही खरं आहे, आणि दोघं भांडत बसले की तिसऱ्याला फार बरं पडतं.

मागण्या फार नाहीत. बांधकाम परवानगीच्या कागदावर पाण्याचा रकाना ठेवा: कुठल्या जलवाहिनीवरून, कुठल्या टाकीतून, कधीपासून. तो भरता येत नसेल तर परवानगी थांबवा. निदान मजले तरी तेवढेच द्या, जेवढ्यांना पाणी पुरेल. बिल्डरचं हमीपत्र घ्यायचंच असेल तर सोबत बँक गॅरंटी घ्या. टँकरचं बिल सोसायटीच्या माथी पडलं तर त्यातून वळतं करा. मेट्रोजवळचा वाढीव एफएसआय देताना त्याचे जे पैसे येतील त्यांतला वाटा आधी याच रस्त्यावरच्या गावांच्या जलवाहिन्यांना आणि शुद्धीकरण केंद्राला द्या. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना शहरात वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या टाक्या भरायच्या तेव्हा भरा, आम्हाला दिवसाआड पण गाळलेलं पाणी द्या, आम्ही कुरकुर करणार नाही. आणि टँकर चालणारच असतील तोवर भरण्याच्या ठिकाणी ओटीची तपासणी सक्तीची करा. ती बाटली काही सोन्याची नाही. ग्रामपंचायतीला परवडत होती.

आता आपल्याकडे एक मागणं. पावसाळ्यात आपण पहिल्या पानावर चारही धरणांतला साठा रोज छापता. आमच्या घरी तो सगळ्यात आधी वाचला जातो. तसाच वर्षभर, आठवड्यातून एकदा, एका छोट्या चौकटीत तेवीस गावांचा तक्ता द्या: गावाचं नाव, त्या आठवड्यात शेवटच्या टोकाच्या नळाला क्लोरिन सापडलं की नाही, आणि टँकर किती आले. आकडे पालिकेकडून मागवा. नाही दिले तर त्या गावापुढचा रकाना कोरा छापा. नमुने घ्यायला माणूस हवा असेल तर आमचा निवृत्त पाणीवाला रिकामाच आहे. मी विचारलंय त्याला, तो तयार आहे.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्या
सिंहगड रस्ता, पुणे
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)